खांदा कुठं सोललाय, ते आधी बघा

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून आलेलं पत्र, थोडक्यात: वय 36. एकत्र कुटुंब, सहा एकर वावर, त्यातलं दोन एकर विहिरीवर, बाकी कोरडवाहू. कापूस नि तूर. धाकटा दीर लष्करातली 17 वर्षांची नोकरी संपवून 31 डिसेंबरला घरी येतोय. गावानं 26 जानेवारीला त्याची मिरवणूक काढायचं ठरवलंय. उघडी जीप, डीजे, शाल-श्रीफळ, घरटी 300 रुपये वर्गणी. ताईंना दिराचा अभिमान आहे. पण ज्यानं इतकी वर्षं आईबापाचं दुखणंखुपणं पाहिलं, विहिरीचं कर्ज अंगावर घेतलं, तो त्यांचा नवरा आणि जिनं दोन लेकरं जवळजवळ एकटीनं वाढवली ती जाऊ, यांचं नाव कोणाच्या तोंडी नाही. नवऱ्याजवळ विषय काढला तर तो म्हणाला, “म्या काय केलं बाप्पा? घरचंच तर होतं.” सासूबाई म्हणाल्या, “तुले काहून जळते?” ताई विचारतात: मी खरंच कृतघ्न आहे का? आमच्याकडे घरात कोणी कोणाला धन्यवाद म्हणत नाही, मग घरच्यांचे आभार मानायचे तरी कसे? आणि मुलाला ‘सैनिकांचे आभार’ यावर दहा ओळी तोंडपाठ आहेत, पण आजीला पाण्याचा गिलास नेऊन दे म्हटलं की तोंड वाकडं करतो, त्याचं काय करू?

ताई, पत्र वाचून आधी एक साधा हिशेब मांडावासा वाटला. लष्करातल्या जवानाला वर्षाला 60 दिवसांची वार्षिक रजा आणि 30 दिवसांची नैमित्तिक रजा असते. सगळी मिळाली, एकही रद्द झाली नाही असं धरलं तरी वर्षाचे 90 दिवस. 17 वर्षांचे झाले 1,530, म्हणजे जेमतेम सव्वाचार वर्षं. उरलेली पावणेतेरा वर्षं दीर घराबाहेर होता. तिकडे त्यानं काय सोसलं ते गाव 26 तारखेला सांगेलच. पण त्याच पावणेतेरा वर्षांत घर उघडं पडलं नाही, हा वहीतला दुसरा रकाना आहे, आणि तो भरणारी माणसं तुमच्याच ओसरीवर बसलेली आहेत. ती तुम्हाला दिसली, यात कृतघ्नपणा कसला? जळणाऱ्याला दुसऱ्याचं कमी व्हावं असं वाटतं. तुमच्या पत्रात दिराची एक शालसुद्धा कमी करा असं कुठं लिहिलेलं नाही.

तरी तुम्ही धरून चाललेल्या दोन-तीन गोष्टींशी थोडं भांडायचं आहे.

नवऱ्याचं नाव स्टेजवर घेतलं की त्याची भरपाई होईल, असं तुम्हाला वाटतंय. खात्री आहे? “म्या काय केलं” म्हणणारी माणसं दोन तऱ्हेची असतात. एकाला खरंच तसं वाटतं, त्याला माईकपुढं उभं केलं की तो ओशाळून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत बसतो. दुसरा हेच वाक्य म्हणतो आणि समोरच्यानं ते खोडावं म्हणून वाट पाहत राहतो. तुमचा नवरा कुठला, हे “तुम्हाला वाईट वाटलं का?” असं विचारून कळायचं नाही, त्याला “नाही” एवढंच उत्तर येतं. त्यापेक्षा विचारा, “या सतरा वर्षांत कोणतं वर्ष सगळ्यात जड गेलं?” चारचौघांत नको. वावरातून गाडीवर परत येताना, किंवा रात्रीच्या लाइनीवर पाणी द्यायला निघाल्यावर विचारा. बोलला तर त्याच्या मनात काय आहे ते तुमच्या हाती लागेल. आणि स्टेजवर त्याच्यासाठी शेवटचं अर्धं वाक्य मागू नका. “कुटुंबीयांनीही मोलाची साथ दिली” हे वाक्य लोक चपला शोधत असताना म्हटलं जातं.

दुसरं म्हणजे तुमच्या पत्रात नवरा आहे, जाऊ आहे, सासूबाई आहेत. तुम्ही नाही. सासऱ्यांच्या आजारपणात रात्रीची उठबस कोणी केली? रजेवर आलेल्या दिराच्या जाण्याच्या दिवशी पहाटे उठून दशम्या कोणी बांधल्या? तुम्ही स्वतःला यादीतून वगळलंत, तसंच नवऱ्यानं स्वतःला वगळलंय. घरचंच तर होतं. हा घरभर लागलेला रोग आहे, एकट्या नवऱ्याचा नाही.

आणि तिसरं, आपल्याकडे आभार मानायची पद्धत नाही, हे. आहे की. दरवर्षी पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी तुमच्या दारातच होते. खांदमळणीला बैलाचं काय करता? जू जिथं टेकतं, वर्षभर जिथली कातडी घासली गेली, नेमकी ती जागा हळद-तुपानं चोळता, शेकता. शिंगाला नाही, पाठीला नाही. मग कानाशी म्हणता, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.” दुसऱ्या दिवशी झूल, बेगड, पुरणपोळी हे सगळं होतंच, पण त्याआधी खांदा. आणि पोळा फुटल्यावर बैल दारोदार नेणाऱ्या गड्याला बोजारा, म्हणजे बक्षिसी देता. म्हणजे ज्यानं ओढलं त्याचा खांदा आणि ज्यानं दावं धरलं त्याचा हात, दोन्हींची आठवण आपल्या रीतीत आहे. मिरवणुकीत झूल तेवढी राहिली, खांदमळणी सुटली. तुमची अस्वस्थता तिथली आहे.

तर घरातल्या प्रत्येकाचा खांदा कुठं सोललाय ते आधी हेरायचं. मोघम आभार कोणाला पोचत नाहीत. “तुम्ही आमच्यासाठी खूप केलं” यात ऐकणाऱ्याला धरायला काही नसतं, म्हणून तो “असू दे, असू दे” म्हणून झटकतो. वाक्यात तीन गोष्टी येऊ द्या. काय केलं, केव्हा केलं, आणि त्यामुळे माझ्यावरचं काय टळलं. उदाहरणार्थ दिरानं तुमच्या नवऱ्याला असं म्हणावं: “बाबा दवाखान्यात होते तेव्हा अकरा रात्री तू त्यांच्या उशाशी होतास. मला सुट्टी मिळाली नव्हती. तिकडे पहाऱ्यावर मी निवांत उभा राहिलो ते तुझ्या भरवशावर.” याला उत्तर देता येत नाही आणि ते झटकताही येत नाही.

हे बिघडतं ते ठरलेल्या जागी. पहिली जागा म्हणजे ‘पण’. “तू खूप केलंस, पण विहिरीच्या वेळी मला विचारायला हवं होतं.” ‘पण’च्या आधीचं सगळं वाया गेलं. दुसरी, आभाराला मागणी चिकटवणं. तिसरी, पाहुण्यांसमोर बोलणं. घरातलं ऋण चव्हाट्यावर आणलं की ऐकणाऱ्याला ते उपकार मोजल्यासारखं लागतं. आणि समोरचा “हे काय बाप्पा नवीन?” म्हणून हसला, तर समजावत बसू नका. सांगून झालं, उठा, चहा ठेवा. असं वाक्य मुरायला वेळ लागतो.

ज्यांना बोलणं जमतच नाही त्यांनी काम उचलावं. दीर घरी आला की पहिले पंधरा दिवस पाहुण्यासारखा बसून राहील, नाहीतर लगेच घराचा कारभार हातात घेईल. दोन्ही चूक. जानेवारीत तुमच्याकडे तूर सोंगणीला आलेली असते, कापसाची शेवटची वेचणी पडलेली असते. त्यानं भावाला म्हणावं, “रात्रीचं पाणी महिनाभर माझ्याकडे. तू झोप.” हरभऱ्याला रात्री पाणी देणाऱ्याला हे वाक्य शालीपेक्षा उबदार लागेल. जावेसाठी तो काय करू शकतो? मुलांच्या शाळेतली पालकसभा, रेशन, बँक, दवाखाना ही चार हेलपाट्यांची कामं तिनं एकटीनं केली, त्यातली दोन कायमची त्यानं घ्यावीत. तिला विचारून. तिच्या हातात बसलेली घडी “मी आलोय आता” म्हणून मोडली, तर तो आभार नव्हे, बदली झाली.

जावेचा आणखी एक खांदा आहे, कागदावरचा. तिचं खरं देणं तिथं फेडलं जातं. निवृत्तीच्या कागदांत पेन्शन पेमेंट ऑर्डर, म्हणजे पीपीओ असते. तिच्यातलं जावेचं नाव आणि जन्मतारीख आधारशी अक्षर-न-अक्षर जुळतंय का ते पाहायचं. घोळ इथंच होतो. लग्नाआधीचं नाव, सासरचं नाव, एका अक्षराचा फरक, शाळेच्या दाखल्यावरची वेगळी तारीख. लग्नाची आणि मुलांच्या जन्माची नोंद युनिटच्या पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे जवानाच्या कुटुंबाच्या अधिकृत लष्करी नोंदीत, झालेली असायला हवी. राहिली असेल तर युनिटमध्ये असतानाच ती करून घेणं सोपं, घरी आल्यावर रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार करत महिने जातात. म्हणून हे डिसेंबरच्या आत. पेन्शनचं खातं नवरा-बायकोचं जोडखातं असावं. ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या कार्डावर तिचं आणि मुलांचं नाव असावं. पेन्शन ‘स्पर्श’ या ऑनलाइन व्यवस्थेतून येते, तिचा पासवर्ड जावेलाही ठाऊक असावा. हयातीचा दाखला दरवर्षी एकदा द्यावा लागतो आणि तो राहिला की पेन्शन थांबते. गावातल्या सेवा केंद्रात अंगठा लावून डिजिटल दाखला निघतो, पण कापूस वेचणाऱ्या हातांचे ठसे पुष्कळदा उमटत नाहीत. पुढंमागं जावेला स्वतः दाखला द्यायची वेळ आली तर डोळ्याच्या किंवा चेहऱ्याच्या ओळखीची सोयही आहे, हे तिला आजच माहीत असू द्या.

मग जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवून माजी सैनिकाचं ओळखपत्र काढायचं. त्याच कार्यालयाच्या प्रमाणपत्रावर ग्रामपंचायतीत घरपट्टी सवलतीचा अर्ज करता येतो, राज्यात माजी सैनिकांना एका घरापुरती ही सोय 2020 पासून आहे. मुलं मोठी होतील तेव्हा पंतप्रधान शिष्यवृत्ती आहे. माजी सैनिकांच्या मुलामुलींना व्यावसायिक शिक्षणासाठी ती मिळते, मुलीला महिना 3,000, मुलाला 2,500, बारावीला किमान 60 टक्के लागतात. अर्ज केला म्हणजे मिळालीच असं नाही, यादी लागते. गावाला खरंच सत्कार करायचा असेल तर एखाद्या शिकलेल्या पोरानं एक दिवस दिरासोबत या कार्यालयांत जावं. आठ शालींपेक्षा ते कामाला येईल. आठ शाली शेवटी कुठं जातात ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे: ट्रंकेत, आणि तिथून दुसऱ्याच्या सत्काराला.

मिरवणूक नको असं मी म्हणणार नाही. गावाला आनंद आहे, तो करू द्या. 300 रुपये ज्याला जड जातात त्याच्याकडून घेऊ नका एवढं मात्र समितीला सांगा. कापसाचे पैसे अजून हातात न आलेली घरं गावात असतात आणि ‘देशासाठी’ म्हटलं की ती नाही म्हणू शकत नाहीत. कार्यक्रम शाळेच्या ध्वजवंदनाला जोडून, तासाच्या आत. एक शाल, एक श्रीफळ, दिराला दहा मिनिटं बोलायला. त्याच्याच तोंडून भावाचं नि बायकोचं नाव, वर सांगितलं तसं नेमक्या प्रसंगासह, आलं तर निवेदकाच्या अर्ध्या वाक्याची गरज राहत नाही. पण हे ते दोघं चालेल म्हणाले तरच. नाहीतर घरात.

उत्साहात तिरंग्याचं काय होतं तेही पाहा. जीपच्या बॉनेटवर किंवा टपावर झेंडा अंथरणं ध्वजसंहितेत बसत नाही, टेबलावर आच्छादन म्हणूनही नाही. केशरी पट्टा वर. प्लॅस्टिकचे झेंडे आणूच नका. मुलांच्या हातातले कागदी झेंडे कार्यक्रमानंतर रस्त्यावर पडतात, ते गोळा करायला दोन पोरं आधीच नेमा. 26 जानेवारीला झेंडा वर बांधलेलाच असतो, तो फडकवायचा असतो, 15 ऑगस्टसारखा खालून चढवायचा नसतो. गाठ घट्ट बसली की पाहुणे दोरी ओढत राहतात आणि झेंडा उघडत नाही. आत फुलांच्या पाकळ्या ठेवायला हरकत नाही, पण ओल्या नकोत, कापड चिकटतं. आदल्या संध्याकाळी एकदा ओढून बघा.

आता एक नाजूक गोष्ट. पत्रात तुम्ही कर्जाचा उल्लेख ओझरता केला आहे. विहीर नवऱ्याच्या अंगावरच्या कर्जातून झाली, दिरानंही पैसे पाठवले असतील. तो कायमचा घरी येतोय म्हटल्यावर सातबारा, वाटणी, कर्ज हे विषय आज ना उद्या निघणार. आभार आणि वाटणी यांची गाठ मारू नका. “तू इतकं केलंस, आता हक्काचं काय बोलतोस” असं आभाराच्या आडून एखाद्याला गप्प केलं जातं, आणि बहुधा घरी राहिलेल्यालाच. शक्य तर 31 डिसेंबरच्या आधी नवऱ्याला बसवून साधी वही करा: कोणत्या वर्षी किती कर्ज, कोणत्या बँकेचं, किती फिटलं, दिराकडून केव्हा किती आले. दोघांचीही बाजू लिहा. भांडणासाठी ही वही नाही. ती असली तर भांडणाची वेळ येत नाही. सत्काराच्या आठवड्यात तो विषय नको, फेब्रुवारीत निवांत बसा.

ज्यांच्या घरी कोणी सैन्यात नाही, त्यांनीही खांदा हेरायची ही सवय लावून पाहावी. गावात सेवा करणारी माणसं पुष्कळ आहेत. आशाताई घ्या. दवाखान्यात बाळंतपण झालं तर ती 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी, अशी सहा वेळा घरी येते, बाळाचं वजन करते, ताप पाहते. घरोघरी जाऊन नवजात बाळ तपासायची ही पद्धत आपल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेत उभी राहिली आणि मग देशभर गेली. आशाताईचे आभार म्हणजे त्या दिवशी घरी थांबणं, बाळाचं कार्ड काढून ठेवणं, तिला हात धुवायला साबण-पाणी देणं आणि दारातून बोळवण न करता घरात बसवून, घरचे पितात त्याच गिलासात पाणी देणं. या शेवटच्या गोष्टीत पुष्कळ घरं अजून नापास आहेत.

लाइनमनला दिवाळीत मिठाईचा पुडा देण्यापेक्षा पंपाचा ऑटो स्विच काढा आणि हॉर्सपॉवरप्रमाणे कपॅसिटर लावा. ऑटो स्विचमुळे लाइन आल्याक्षणी शिवारातले सगळे पंप एकदम उठतात, डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर भार येऊन फ्यूज उडतो, आणि लाइनमन रात्री पुन्हा खांबावर. मुक्कामी एसटीच्या चालक-वाहकाला झोपायला स्वच्छ जागा आणि संडासची सोय आहे का, ग्रामपंचायतीत विचारा. फवारणी करणाऱ्या गड्याला हातमोजे, मास्क, चष्मा द्या. वाऱ्याच्या तोंडावर फवारू नकोस, तुंबलेलं नोझल तोंडानं फुंकू नकोस, हे रोज सांगा. 2017 मध्ये आपल्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, हे विसरायला अजून फार काळ लोटलेला नाही.

राहिला मुलगा. दहा ओळी पाठ असणं वाईट नाही, त्यात त्याचं काही खर्च होत नाही एवढंच. आणि पाण्याचा गिलास तुम्ही त्याला हुकूम म्हणून सांगता, तोही बहुधा तो खेळात असताना. आजीचं एक काम वेळेसकट त्याच्या नावावर करा. रात्री आठ वाजता तिच्या उशाशी तांब्या भरून ठेवायचा आणि गोळी घेतली का विचारायचं. एवढंच. विसरला तर तुम्ही करू नका, आजीलाच त्याला हाक मारू द्या. शाबासकी रोज नको, पंधरा दिवसांनी एकदा, तीही नेमकी: “मंगळवारी आजीला खोकला होता, तू पाणी कोमट करून नेलंस.” काका आला की त्याला विचारायला सांगा, सुट्टी रद्द झाली की काय वाटायचं, तिकडे जेवण कोण बनवायचं, थंडीत पहारा किती तासांचा. मग त्या दहा ओळी तो स्वतःच्या लिहील, कदाचित चारच.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांचा लेक 17 वर्षांनी सुखरूप परत येतोय, त्यांना सध्या दुसरं काही दिसणार नाही आणि दिसायलाही नको. पण दिराला मात्र आत्ताच फोन करा. नवऱ्याच्या वतीनं तक्रार म्हणून नको. वहिनी म्हणून तीन गोष्टी विचारा: डीजे तुम्हाला हवा आहे का, पार्ट टू ऑर्डरमध्ये मुलांची नोंद आहे का, आणि त्या दिवशी बोलायला उभे राहाल तेव्हा दादांबद्दल काय सांगाल. तिसऱ्या प्रश्नावर तो थोडा वेळ गप्प राहील, राहू द्या. फोन या आठवड्यातच करा, कारण डीजेवाल्याला एकदा इसार दिला की मग समिती कोणाचं ऐकत नाही.